सहा वायरींची मोटार

माझे मामा नांदेडच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात विभागप्रमुख होते, आणि घरातही विभागप्रमुखच होते. घरात त्यांना सगळे 'सर' म्हणत. मामी म्हणायची, दारावर येणारी भाजीवाली म्हणायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझे वडीलही म्हणायचे. खरं तर अण्णा त्यांचे दाजी, बहिणीचे यजमान; मान त्यांचा. पण अण्णांचं शिक्षण सातवी आणि मामांच्या नावामागं इंग्रजी अक्षरांची शेपटी, म्हणून अण्णा मेव्हण्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि 'हाव सर, हाव सर' करायचे. मी एकटीच त्यांना मामा म्हणायची. ते त्यांना रुचत नसे आणि मला ते कळत असे, म्हणून मी जरा जास्तच वेळा म्हणायची.

आमचं घर अहमदपूरला, बसस्टँडच्या मागं. पुढं अण्णांचं मोटार वायंडिंगचं दुकान, मागं दोन खोल्या आणि चूल. पंचक्रोशीतल्या विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की आमच्याकडं यायच्या. तांब्याच्या तारेची गुंडाळी करायच्या यंत्राची कुरकुर आणि फेरे मोजणारे अण्णांचे पुटपुटणारे ओठ, हे माझ्या लहानपणाचे आवाज. व्हार्निशचा वास तर घरभर. आई भाकरी थापायची, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार, आणि पहिल्या घासाला व्हार्निश लागायचंच. मला वाटायचं, सगळ्या जगाची भाकरी अशीच लागते. जळालेल्या मोटारीचा वासही मला फार लवकर कळायला लागला. पाण्यानं गेलेल्या मोटारीचा वास वेगळा, कमी दाबाच्या विजेवर रात्रभर तडफडून गेलेलीचा वेगळा. दुकानात गिऱ्हाईक मोटार उतरवायचं तोवर मी आतून ओरडायची, "अण्णा, ही पुरी गेली," आणि अण्णा गालात हसायचे.

दहावीला बरे गुण पडले आणि मला इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला नांदेडला घातलं. मुलीला बाहेर ठेवायचं तर मामाच्याच घरी, यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. मामांच्या घरी सकाळ गुरुद्वाऱ्याच्या कीर्तनानं सुरू व्हायची. लांबून वाऱ्यावर येणारा तो सूर मला फार आवडायचा, पण चारदोन मिनिटंच ऐकायला मिळायचा, कारण मग मामांच्या गुळण्या सुरू होत. इतक्या मोठ्यानं गुळण्या करणारा माणूस मी पुढंही पाहिला नाही. त्यानंतर पेपर. बातम्या ते मोठ्यानं वाचत आणि प्रत्येक बातमीनंतर मान हलवून ती मंजूर किंवा नामंजूर करत. मामी तोवर धपाटे लावायची. ज्वारीच्या पिठात लसूण, तीळ, हिरवी मिरची. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलेले, कडेनं कुरकुरीत. तिच्या हाताला जी चव होती ती त्या घरात कुणी एकदाही बोलून दाखवली नाही. मामा खाताना एवढंच म्हणायचे, "मीठ." म्हणजे मीठ कमी आहे. जास्त असलं तरी "मीठ"च म्हणायचे. काय ते मामीनं समजून घ्यायचं.

वर्गातही तीच तऱ्हा. मामांची एक पिवळी पडलेली वही होती, आणि मामा म्हणजे ती वही. ते उभे राहून वाचायचे, आम्ही लिहायचो, परीक्षेत तेच उतरवायचो, आणि मामा त्याला गुण द्यायचे. आपलंच अक्षर आपल्याकडं परत आल्याचा आनंद त्यांना दर वर्षी नव्यानं व्हायचा. स्टेप मोटारचं प्रकरण असं सुरू व्हायचं: 'स्टेप मोटार ही अशी मोटार होय, जी स्टेपमध्ये फिरते.' मी हात वर करून विचारलं, "सर, स्टेपमध्येच का फिरते?" वर्गात तरी मी 'सर' म्हणायची. ते म्हणाले, "कारण ती स्टेप मोटार आहे." पुढची मुलं हसली. ती मला हसली, हे विशेष.

त्या प्रश्नाचं उत्तर मला सातवी पास माणसानं दिलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णांच्या दुकानात भंगारात एक छपाईयंत्र आलेलं होतं, कुठल्याशा कचेरीतलं, संगणकाला जोडायचं. तांब्यासाठी घेतलेलं. अण्णांनी त्यातली मुठीएवढी मोटार बाहेर काढली आणि तिला न्याहाळत बसले. "गिरिजा, हिला सहा वायरी हायेत. आणि हे बघ, हातानं फिरवली की अडखळतीय. कट, कट, कट." मी मामांची व्याख्या सांगितली. अण्णांनी ती आदरानं ऐकून घेतली आणि वायरीतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायचं मीटर काढलं. सगळी दुपार आम्ही त्या सहा वायरींत घालवली. दोन-दोन वायरींना मीटर लावायचं आणि आकडा पाटीवर लिहायचा. तीन वायरी आपसात बोलत होत्या, उरलेल्या तीन आपसात; या गटातून त्या गटात काहीच जात नव्हतं. म्हणजे गुंडाळ्या दोन. आणि प्रत्येक गटात एक वायर अशी, की तिच्यापासून बाकी दोघींचा रोध सारखा, आणि त्या दोघींचा आपसातला दुप्पट. "ही मधली," अण्णा म्हणाले. "गुंडाळी अर्ध्यावर आणून हिला बाहेर काढलीय."

मग आम्ही दोन्ही मधल्या वायरी बॅटरीच्या धन टोकाला बांधल्या आणि उरलेल्या चार टोकांना ऋण टोक आळीपाळीनं लावत गेलो. एका गुंडाळीचं एक टोक, दुसरीचं एक, मग पहिलीचं दुसरं, मग दुसरीचं दुसरं. प्रत्येक स्पर्शाला आस एक बारीक टप्पा पुढं सरकला आणि तिथंच घट्ट धरून राहिला. विहिरीवरच्या मोटारीला वीज दिली की ती सुटते, कुणाचं ऐकत नाही. ही तशी नव्हती. जेवढं सांगू तेवढंच सरकायची. दोनशे वेळा सांगितलं तेव्हा एक फेरा पुरा झाला. क्रम चुकवला तर जागच्या जागी थरथरायची. "हाताच्या जागी कुणी तरी भराभर वायर लावणारा पायजे," अण्णा म्हणाले. तो लावणारा म्हणजेच ड्रायव्हर: चार ट्रान्झिस्टर, चार झडपा, ज्या ठरल्या क्रमानं उघडतात आणि मिटतात. सुट्टी संपायच्या आत मी एक तसा जोडला, आणि तो चालला. आता ड्रायव्हर काडेपेटीएवढा मिळतो, वरच्या बारीक कळा हलवून किती वीज द्यायची आणि एका टप्प्याचे किती तुकडे करायचे ते ठरवता येतं. माझ्याकडं शिकायला येणारी पोरं मोबाइलवर बघून तो जोडतात आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजतात. त्यांचाही मला राग येतो, पण मामांइतका नाही. ती निदान जोडून तरी बघतात.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षी लातूरहून मामांना बोलावणं आलं. तिथल्या एका डाळ मिलचे मालक मामांच्या ओळखीचे. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी डाळीच्या पुड्या भरायचं यंत्र घेतलं होतं. त्यात प्लास्टिकची पट्टी पुढं ओढायला स्टेप मोटार होती, म्हणजे प्रत्येक पुडी बरोबर छापलेल्या खुणेवर कापली जाते. ती बंद पडली होती. मामांनी फोनवर सांगितलं, "स्टेप मोटार हा माझाच विषय आहे." मला बरोबर नेलं, कारण मीटर माझं होतं. म्हणजे अण्णांचं, त्यांनी सुट्टीनंतर मला देऊन टाकलेलं. मामांच्या विभागात मीटरं होती, पण ती कपाटात असत आणि कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून तीही कपाटातच असावी असं आम्हाला वाटायचं.

मिलमध्ये पाय ठेवला की तुरीच्या सालीची धूळ नाकात बसते आणि चाळण्यांच्या खडखडाटात माणसं ओरडूनच बोलतात. यंत्राजवळ रशीदभाई उभे होते. पन्नाशीचे, पांढरी दाढी, खांद्यावर धुळीचा रुमाल. पहिल्या दिवसापासून ते यंत्र तेच चालवत. त्यांनी सांगितलं, "साब, उंदरानं केबल खाल्ली. मी नवी वायर घातली, पन कोनती कुठं ते समजंना म्हनून तशीच सोडली. चालू न्हाई केली." शहाण्या माणसाचं बोलणं होतं. मामांनी ते ऐकलं नाही. त्यांनी पिवळी वही उघडली, त्यातले वायरींचे रंग पाहिले आणि मोटारच्या वायरींचे रंग पाहिले. वहीतले रंग दुसऱ्याच मोटारचे होते. निळा तर या मोटारला नव्हताच. मामा क्षणभर थांबले, मग म्हणाले, "निळा म्हणजे इथं काळा." आणि जोडलं.

मोटार गुरगुरली आणि थरथरायला लागली. मला लगेच कळलं की मधल्या वायरीच्या जागी टोक गेलंय. मी म्हणाले, "मामा, आधी बंद करा. मीटर लावून बघू." ते म्हणाले, "सर म्हण." आणि चालू यंत्रातच त्यांनी एक वायर उपसून दुसऱ्या भोकात खुपसली. ठिणगी उडाली, फट् झालं, मोटार गप्प. ड्रायव्हरच्या पत्र्याच्या पेटीतून धुराची बारीक रेघ वर आली. गुंडाळीतली वीज अशी मध्येच तोडली की ती उलटी उसळी मारते आणि चुकीच्या भोकात वायर घातली की वीज सरळ ट्रान्झिस्टरच्या छाताडावर बसते. हे वहीत नव्हतं.

अप्पा खुर्चीवरून उठून आले. पांढरं धोतर, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. "काय झालं ओ सर?"

मामांनी रुमालानं हात पुसले. इतक्या शांतपणे पुसले, की अजून डोळ्यासमोर आहे. "मोटार जळालीय अप्पा. आधीच जळालेली होती. तुमच्या माणसानं चुकीची वायर घालून चालवलीय, लोड आलाय. नवी मागवावी लागेल."

रशीदभाईंच्या तोंडाचा रंगच उडाला. "साब, असं काय बोलता? मी चालूच न्हाई केली. आत्ता तर तुमीच हात लावला."

"म्हणजे मी खोटं बोलतो?" मामा.

अप्पांनी दोघांकडं पाहिलं. एकाच्या खिशाला पेन होतं आणि एकाच्या खांद्यावर धुळीचा रुमाल. त्यांना निवाडा करायला एवढं पुरलं. "रशीद, उद्यापासून येऊ नको बाबा. मशीन समजत न्हाई तर हात कशाला लावायचा?"

मी फार धीट होते असं नाही. खरं सांगायचं तर रशीदभाईंची दया नंतर आली. आधी मला मामांची किळस आली. पानात मेलेली माशी निघावी तशी. दीड वर्षं मी तो माणूस जेवताना, गुळण्या करताना, शिकवताना पाहत होते, आणि त्या एका वाक्यात तो सगळा आतून दिसला. मी अप्पांना म्हणाले, "मोटार जळालेली नाही. मी दाखवते."

"गिरिजे, गप बस."

मी पेटीची लाईन बंद केली, सहाही वायरी मोकळ्या केल्या आणि अप्पांच्या हातात मीटर दिलं. "काटा बघा आणि तुम्हीच सांगा." अण्णा गिऱ्हाइकाला असंच दाखवायचे. मी वायरी धरत गेले, अप्पा आकडा सांगत गेले. दोन गट, दोन मधल्या, चार टोकं. दोन्ही गुंडाळ्या सारख्या, मोटारीच्या लोखंडी अंगाला कुठं शिवत नाहीत. मग मी मोटार त्यांच्या नाकाजवळ नेली. "वास घ्या. जळालेली मोटार असा वास देते का?" मग पेटीतलं ट्रान्झिस्टरचं कार्ड काढून नाकाजवळ धरलं. अप्पांनी नाक मागं घेतलं. "जळालंय ते हे. आणि हे आत्ता जळालं, सगळ्यांसमोर. रशीदभाईंनी यंत्र चालू केलं असतं तर कार्ड तेव्हाच गेलं असतं, मग आत्ता मोटार गुरगुरली कशी?"

मी तिथंच थांबायला हवं होतं. नाही थांबले. सगळ्यांदेखत मामांकडं वळून म्हणाले, "मामा, तुमच्या वहीत एवढंच लिहिलंय की स्टेप मोटार स्टेपमध्ये फिरते. तुम्ही आजवर एकसुद्धा फिरवलेली नाही." डाळ निवडायला पोत्यांवर बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. मामांनी वही पिशवीत घातली, चप्पल घातली आणि कुणाकडं न बघता निघून गेले. मला घेऊन जायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं असेल.

रशीदभाई आणि मी कार्ड घेऊन गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. जळाला होता तसलाच ट्रान्झिस्टर आणि एक डायोड मिळाला. दुकानदारानं ते कार्डावर डाग मारून बसवायला त्याचंच सोल्डर दिलं आणि माझ्या हाताकडं बघत राहिला, बाईमाणूस डाग मारतंय म्हणून. परत येऊन मी दोन्ही मधल्या वायरी धन टोकाला लावल्या, पहिल्या गुंडाळीची टोकं एक आणि तीन नंबरला, दुसरीची दोन आणि चारला. सुरू केलं. मोटार फिरली, पण पट्टी उलटी मागं यायला लागली. "ये तो घर वापस जा रही," रशीदभाई म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मी लाईन बंद केली, एका गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल केली, परत सुरू केलं. पुडी खुणेवर कापली. दुसरी कापली. तिसरी रशीदभाईंनी उचलून अप्पांच्या हातात ठेवली.

अप्पा काय म्हणाले असतील? "सर म्हनले ते बी खरं असंल. पन चालू झालंय तर चालू द्या. रशीद, ये उद्या." बस. मामांना चुकीचं म्हणायला त्यांची जीभ शेवटपर्यंत वळली नाही. पुढं संक्रांतीला त्यांनी मामांच्या घरी डाळीची पिशवी पाठवली असं मला कळलं. मामांनी ती ठेवून घेतली हेही कळलं. मामांना पुढं आदर्श शिक्षकाचा सत्कारही मिळाला, शाल-श्रीफळ वगैरे, आणि ते गेले तेव्हा शोकसभेत एकजण म्हणाला की मराठवाड्याला स्टेप मोटारची ओळख त्यांनी करून दिली. मी पहिल्या रांगेत बसले होते. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतेय.

त्या दिवशी लातूरहून बस पकडून मी अहमदपूरलाच उतरले. दिवेलागण व्हायची होती. अण्णा दुकानात होते. मी सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं, ते गालात हसतील. त्यांनी हातातला गुंडाळीचा साचा खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं हाय तुझं. पन सरांना चारचौघांत असं बोलायचं? तुझी आई भावाच्या दारात आता कोन्त्या तोंडानं जाईल?" मी म्हणाले, "अण्णा, त्यांनी एका माणसाच्या पोटावर पाय दिला." अण्णा म्हणाले, "हाव. तू तेवढा पाय काढायचा होतास. वर आपला कशाला दिलास?" त्यांच्या या वाक्याचा मला तेव्हा संताप आला होता. मेव्हण्यापुढं खुर्चीच्या कडेवर बसणारा माणूस, दुसरं काय बोलणार, असंही मनात आलं होतं. आज ते वाक्य मला खोडता येत नाही. आवडत नाही, पण खोडताही येत नाही.

दोन दिवसांनी आईबरोबर नांदेडला जाऊन मी माझी पेटी आणली. मामा पेपर वाचत होते, त्या दिवशी मनातल्या मनात. मला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. तिथलं वरण म्हणजे पिवळं पाणी, पण ते मी ताठ मानेनं प्यायले. वर्गात मामा माझ्याकडं बघत नसत आणि मी त्यांच्या तोंडी परीक्षेत काठावर पास झाले. त्याचं मला काही वाटलं नाही. असल्या माणसाकडून जास्त गुण मिळाले असते तर वाटलं असतं.

आणि मग एका दुपारी मामी आली. वसतिगृहाच्या फाटकात उभी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेले धपाटे. आम्ही पायरीवर बसलो. तिनं मला गाठ सोडून दिली आणि मी खाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "लातूरचं समदं कळलं मला. पोत्यावरच्या बाया हसल्या म्हन."

"हसल्या," मी म्हणाले. मला वाटलं, तीही हसेल.

"बरं केलंस तू. खोटं बोलले ते." तिनं फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "पर पोरी, तू पेटी उचलून आलीस. मला तितंच ऱ्हायाचंय. महिना झाला, ते जेवताना मीठसुद्धा म्हनत न्हाईत. ताट सारून उठतेत. तू एकडाव येऊन पाया पड. तुझं काय जातंय? माझं घर सुरळीत व्हईल."

मी नाही म्हणाले. एवढंच नाही, मी म्हणाले, "मामी, तुला एवढंच हवंय का, त्यानं मीठ मागावं?" मला ती त्या क्षणी मामांहून क्षुद्र वाटली, आणि तसं माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण माझ्या तोंडावर सगळं दिसतं. तिनं पदर सावरला, रिकामं फडकं घेतलं आणि फाटकातून बाहेर पडून बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागली. मी पायरीवरून उठलेसुद्धा नाही.

माणूस म्हातारा झाला की सगळ्यांना क्षमा करतो असं म्हणतात. मी मामांना केलेली नाही, करणार नाही. त्या माणसाबद्दलचा माझा तिरस्कार अजून जसाच्या तसा आहे, आणि तो खरा आहे असंच मला वाटतं. पण त्यातला थोडा मी त्या दुपारी मामीच्या पदरात टाकला. तो तिचा नव्हता. ती पुन्हा कधी मला भेटायला आली नाही, आणि मीही गेले नाही, आणि एक दिवस, मामांच्या कितीतरी आधी, आईचं पत्र आलं की मामी गेली. तिच्या हाताला चव होती, हे त्या घरात कुणीच तिला सांगितलं नाही असं मी वर लिहिलं. त्या कुणीच्यात मीही होते.